ऑपरेशननंतरही बाळाचं पोट पुन्हा पुन्हा फुगतंय? हर्षस्प्रुंगच्या मुलांसाठी घरी काय तपासायचं

हर्षस्प्रुंग म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसल्याने शी अडून राहण्याचा जन्मजात आजार. त्याचं ऑपरेशन झालं, बाळ घरी आलं, काही दिवस बरे गेले आणि पोट परत फुगायला लागलं. वॉश (गुदद्वारातून नळी घालून सलाईनने आतडं धुणं) दिला की उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा टम्म. घरचे विचारतात, "ऑपरेशन केलं ना, मग आता हे कशाला?" माझ्या मुलाचंही असंच व्हायचं. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा अशा भागांतून गोमेकॉच्या (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत येणाऱ्या आयांशी बोलताना हाच प्रश्न पुढे येतो. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी समजावलेलं, शिवाय रोज करून हाताला कळलेलं, असं सगळं इथे लिहिते आहे. तुमच्या मुलाच्या फाईलवर वेगळं काही लिहिलं असेल तर फाईलवरचंच खरं धरा.

बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा. या आजाराच्या मुलाला पातळ जुलाब लागले आणि पोट फुगलेलंच राहिलं, तर पोट साफ होतंय असं समजू नका. आत साठलेल्या मळात जंतू वाढतात, आतडं सुजतं आणि पाणी सोडतं, तेच पाणी खालून बाहेर येतं. याला एन्टेरोकोलायटिस म्हणतात. या आजारात मुलाच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका त्याचाच असतो. तो ऑपरेशनआधी होतो तसा नंतरही होतो, आणि नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत जास्त दिसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये त्याची शक्यता आणखी वाढते. "जुलाब होतायत, मग आता वॉश कशाला?" म्हणून वॉश थांबवला जातो आणि नेमकं तेव्हाच मूल ढासळतं.

कधी वाट बघत थांबायचं नाही

पोट ताठ आणि चकचकीत झालंय आणि त्याच्या जोडीला ताप आहे, किंवा जोरात उडणारी, नेहमीपेक्षा फार घाण वासाची शी होतेय, शीमध्ये रक्त आहे, मूल मलूल पडलंय, दूध नाकारतंय, सहा-आठ तास लघवी झालेली नाही, यातलं एकही असेल तर घरी प्रयोग करत बसायचं नाही. हिरवी उलटी झाली तर तेवढं एक कारणच पुरे आहे. ताप काखेतच बघा. या मुलांच्या गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही.

१०८ ला फोन करा. वाळपई, पेडणे किंवा काणकोणहून बांबोळी लांब पडते. मूल अगदी गळून गेलं असेल तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात, म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात सलाईन लावून घ्या आणि तिथून पुढे गोमेकॉला न्या. "थेट मोठ्या ठिकाणीच नेऊ" या हट्टापायी रस्त्यात तासभर घालवू नका. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या किंवा औषध देऊ नका. त्याने आतड्याची उरलीसुरली हालचालही बंद पडते आणि विष आतच राहतं. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकची उरलेली बाटलीही स्वतःहून उघडू नका. उलटी होत नसेल आणि मूल मागत असेल तर ओआरएसचे घोट चालतील. जाण्याआधी एक वॉश द्यायचा की नाही, हे तुमच्या सर्जनना आधीच विचारून ठेवा. माझ्या मते डिस्चार्जच्या दिवशी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

हे मुळात होतं कशामुळे

आतड्यातला मळ पुढे सरकतो तो आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशींमुळे. गर्भात साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात या पेशी वरून खाली उतरत जातात. त्यांचा प्रवास मध्येच थांबला की खालच्या भागात त्या पोचत नाहीत. तो भाग आवळलेला राहतो, सैल पडतच नाही, म्हणून त्याच्या वरचं आतडं फुगत जातं. कोपनहेगनचे हाराल्ड हर्षस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये दोन बाळांची हकीगत मांडली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या फुगलेल्या भागाकडेच गेलं. दोष खालच्या, बारीक आणि साध्या दिसणाऱ्या भागात आहे हे नीट ध्यानात यायला अनेक दशकं गेली. ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये तो भाग काढून चांगलं आतडं खाली आणून जोडायचं ऑपरेशन मांडलं. आजच्या पुल-थ्रू ऑपरेशनांच्या मागचा विचार तोच आहे.

साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो चौपट दिसतो. आईने गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, कुठली वाट ओलांडली, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण घरात येणारी प्रत्येक बाई बाळंतिणीला हेच विचारत असते, आणि तिला रात्री झोप लागत नाही ती बाळाच्या रडण्यापेक्षा या प्रश्नांनीच. घरातल्या पुरुषांनी आणि सासूबाईंनी तिची बाजू घेऊन हे प्रश्न तिथल्या तिथे थांबवावेत.

ऑपरेशनमध्ये पेशी नसलेला भाग काढला जातो. पण गुदद्वाराचा अगदी शेवटचा भाग आणि तिथला आवळणारा स्नायू ठेवावाच लागतो. तो सैल पडायला शिकेपर्यंत काही मुलांचं पोट फुगत राहतं. त्यांच्यासाठीच घरचा वॉश असतो.

पाणी आत जातं, बाहेर येत नाही

वॉशमधली सगळ्यात जास्त येणारी अडचण ही. एनिमात औषध आत सोडून ते आतच ठेवायचं असतं. वॉशमध्ये सलाईन थोडं थोडं आत जातं आणि त्याच नळीतून मळ आणि वारा घेऊन परत येतं. वारा बाहेर येणं हे मळ येण्याइतकंच महत्त्वाचं. म्हणून नळी आत असतानाच सिरिंज काढून नळीचं टोक खाली भांड्यात सोडायचं आणि आलेलं पाणी मोजायचं.

परत येत नसेल तर घाबरून आणखी पाणी ढकलू नका. नळी कुठे मुडपली आहे का बघा. मग ती बोटभर मागे घ्या, हलकेच फिरवा, थोडी पुढे न्या. बहुतेक वेळा नळीच्या भोकात मळाचा खडा अडकलेला असतो किंवा भोक आतड्याच्या भिंतीला टेकलेलं असतं. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळू हात फिरवा. मूल डाव्या कुशीवर असेल तर पाठीवर घ्या, गुडघे पोटाशी आणा. मूल रडतंय तोवर पोट आवळलेलं असतं, त्यामुळे शांत होऊ द्या. एवढं करूनही येत नसेल तर नळी काढून धुऊन बघा, ती बंद झालेली सापडेल. नळी फार बारीक असेल तर घट्ट मळ तिच्यातून येणारच नाही. मूल वाढतं तशी नळीही मोठी लागते, आणि काही महिन्यांपूर्वी दिलेल्या नंबरावरच घर अडकून बसलेलं असतं. पुढच्या ओपीडीत नळीचा नंबर विचाराच.

एका वेळी किती सोडायचं? साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते २० मिली, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १६० मिली, आणि तेही थोडं थोडं. बाहेर येणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होईपर्यंत हे चक्र चालवायचं असतं. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं, दोन्ही आकडे वहीत लिहा. सांगितलेला एक भाग आत राहिला आणि बाहेर आलाच नाही, तर पुढचा भाग घालायचा नाही. थोड्या वेळात डायपरमध्ये येतं का बघा. येत नाही आणि पोट वाढतंय असं दिसलं तर फोन करून निघा.

सलाईन म्हणजे ०.९ टक्के सोडियम क्लोराईड, औषधाच्या दुकानात "एनएस" म्हणून मिळतं ते. बाटली हातात घेऊन लेबल वाचा. घाईत "डीएनएस" दिलं जातं, त्यात साखर असते. साधं पाणी, विहिरीचं पाणी, गाळून उकळलेलं पाणी, यातलं काहीही वॉशला वापरायचं नाही. मोठं आतडं पाणी शोषून घेतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मुलाला फिट येऊ शकते. साबणाचं पाणी किंवा दुकानात मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमाही नको. त्या एनिमातलं फॉस्फेट या मुलांच्या अंगात शोषलं जाऊन जिवावर बेतू शकतं. बाटली गरम पाण्याच्या टोपात ठेवून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. गार पाण्याने मूल आखडून घेतं, मग काहीच नीट होत नाही. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

नळी आतच जात नाही

जोर लावायचा नाही. आतड्याला भोक पडू शकतं. नळी बाहेर घ्या, जेली पुन्हा लावा, मूल श्वास सोडेल तेव्हा हळू सारा. किंचित सलाईन सोडत सोडत पुढे नेली की वाट उघडते. किती आत न्यायची ती खूण सिस्टरने दाखवली असेल, तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. दर वेळी एकाच जागी नळी अडत असेल, किंवा शी रिबिनीसारखी बारीक येत असेल, तर जोडलेली जागा आकसत असण्याची शक्यता असते. ते सर्जननीच बोटाने तपासायला हवं. डायलेटर (जोडलेली जागा रुंद ठेवायची कांडी) घरी दिला असेल तर त्याचा नंबर आणि वेळापत्रक मोडू नका. मूल रडतं म्हणून चार दिवस सोडले की पुन्हा सुरू करताना दुप्पट त्रास होतो. मात्र काही सर्जन नेमाने डायलेटर देत नाहीत. शेजारच्या मुलाला दिला आणि आपल्याला का नाही, म्हणून काळजी करू नका.

नळीवर रक्ताची एखादी रेघ दिसली तर तो वॉश थांबवा आणि त्या दिवशी लक्ष ठेवा. रक्ताचे थेंब पडत असतील किंवा गाठी आल्या तर लगेच दाखवा.

पाणी नळीच्या बाजूनेच गळत असेल तर नळी पुरेशी आत नाही किंवा सिरिंज जोरात दाबली जातेय. यात बाकी काही विशेष नाही.

वॉश नीट होतो, तरी संध्याकाळी पोट परत फुगतं

इथे घरच्या माणसांची सगळ्यात जास्त फसगत होते, कारण वॉशने दर वेळी आराम पडतो. आराम पडतो म्हणून दिवस ढकलले जातात. वॉश रोज करावा लागतोय, दोन वॉशमधलं अंतर कमी होतंय किंवा वजन वाढत नाहीये, यातलं काहीही दिसलं तर त्यामागे कारण आहे आणि ते शोधलं गेलं पाहिजे. एन्टेरोकोलायटिस एकदा होऊन गेल्यावर पुन्हा झाला तरीही तसंच.

कारणं फार नाहीत. जोडलेली जागा आकसलेली असू शकते. खाली आणून जोडलेल्या आतड्यातही पेशी पुरेशा नसतील. आणताना आतड्याला पीळ पडला असेल. किंवा शेवटचा स्नायूच सैल पडत नसेल. मूल थोडं मोठं असेल तर साधा बद्धकोष्ठही असू शकतो. हे ओळखायला बोटाची तपासणी, नळीतून औषध सोडून काढलेला एक्स-रे आणि गरज पडली तर पुन्हा बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) करतात. स्नायूच आवळलेला असेल तर त्यात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो आणि तोवर बऱ्याच मुलांना सवय लागते. आपण ओपीडीत नुसतं "पोट फुगतं" म्हटलं तर हे सगळं पुढे येत नाही. वही दाखवली तर येतं.

वहीत काय लिहायचं? बेंबीवरून टेपने घेतलेलं पोटाचं माप, रोज ठरलेल्या वेळी, वॉशच्या आधी आणि नंतर. शी किती वेळा आणि कशी. वॉशचे आकडे. ताप, उलटी. आठवड्याचं वजन. फोनमध्ये पोटाचा बाजूने काढलेला फोटोही ठेवा. फुगलेलं पोट बांबोळीला पोचेपर्यंत उतरलेलं असतं आणि मग डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही.

देठ, एरंडेल, हिंग

आजीच्या हातात माया असते, आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप लावून कुणाचं काही बिघडत नाही. पण तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालणं या मुलांसाठी धोक्याचं आहे. ऑपरेशन झालेलं नसेल तर त्याने अडकलेली शी एकदम सुटते आणि सगळ्यांना बरं वाटतं, म्हणून खरा आजार कळायला उशीर होतो. नवजात बाळाने पहिल्या ४८ तासांत काळी शी केली नसेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, देठाने काम भागवायचं नसतं. ऑपरेशन झाल्यावर तर आत ताजे टाके असतात, तिथे काहीही घालायचं नाही. पहिल्या आठवड्यांत वॉशसुद्धा सर्जननी सांगितल्याशिवाय नको. एरंडेल आणि बाळघुटीही नको. पुढे वाट अडलेली असताना मागून ढकलून काय होणार?

आजीला हे सांगताना कडक शब्द वापरू नका. तिला पोट मोजायला शिकवा, टेप तिच्या हातात द्या. आमच्याकडे पोटाचं माप तीच घेते, आणि फुगवटा तिच्याच लक्षात आधी येतो.

खाण्याबद्दल थोडंच

अंगावरचं दूध चालू ठेवा. मोठ्या मुलाला उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, वरण, नाचणीचं तिजान, केळं, लाल भोपळा असं साधं चालतं. फणसाने किंवा बाटलीतल्या फळांच्या रसाने पोट वाताने भरतं असं वहीत दिसलं तर ते बाजूला ठेवा. यापलीकडे प्रत्येक फुगवट्याला "काल काय खाल्लं" हे कारण शोधत बसू नका. खाण्यावर ढकलण्यात दिवस जातात आणि आकसलेली जागा तशीच राहते. संपूर्ण मोठं आतडं काढलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगातून पाणी आणि मीठ फार जातं, मे महिन्याच्या उकाड्यात तर आणखी. त्यांना ओआरएस किती द्यायचं ते लिहून घ्या.

जळलेली कातडी आणि डागलेली चड्डी

ऑपरेशननंतर शी दिवसातून पुष्कळ वेळा होते आणि ढुंगण सोलवटतं. पुसू नका, कोमट पाण्याने धुवा, मऊ फडक्याने टिपून घ्या, थोडा वेळ उघडं ठेवा आणि झिंक ऑक्साईडचा जाड थर लावा. पुढच्या वेळी तो सगळा खरवडून काढायचा नाही, वरची घाण काढून त्यावरच पुन्हा लावायचा. लाल बारीक पुरळ पसरत गेलं तर ते बुरशीचं असू शकतं, त्याला वेगळं मलम लागतं. आपल्या पावसाळ्यात हे फार होतं.

बालवाडीच्या वयात चड्डीला डाग लागतात म्हणून मुलाला रागावू नका. त्याला कळतच नसतं. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, म्हणजे गुडघे वर येतात. शिक्षिकेला विश्वासात घेऊन सांगा आणि दप्तरात कपड्यांचा एक जोड ठेवा. डाग अचानक वाढले तर आत मळ साठून त्याच्या बाजूने पातळ पाझरत असण्याची शक्यता असते, तेव्हा पुन्हा पोट तपासा.

पावसाळा, चवथ आणि रात्रीची कॅज्युअल्टी

पावसाळ्यात नळी वाळत नाही. साबणाने धुऊन, आतून पाणी सोडून, टांगून ठेवा. ती कडक, चिकट किंवा काळपट झाली की टाकून द्या. सत्तरीच्या आतल्या वाड्यांत वीज रात्रभर जाते, म्हणून टॉर्च, सलाईन आणि जादा नळी एकाच पिशवीत ठेवा. चवथीला गावच्या घरी जाताना ही पिशवी आधी गाडीत जाते, माटोळीचं सामान नंतर. दिवाडीसारख्या ठिकाणी फेरीबोटीवर अवलंबून असाल तर संध्याकाळचा फुगवटा रात्रीवर ढकलू नका. दीनदयाळ योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे ना तेही बघून ठेवा.

रात्री कॅज्युअल्टीत जे डॉक्टर भेटतील त्यांनी तुमचं मूल कधी पाहिलेलं नसतं. जुलाब आणि ताप एवढंच ऐकलं तर ते साधी हगवण समजू शकतात. म्हणून सर्जनकडून अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून घ्या. तिच्यावर आजाराचं नाव, ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, आतडं किती काढलं, नळीचा नंबर, वॉशचं प्रमाण, ॲलर्जी आणि "ताप, फुगलेलं पोट आणि जुलाब असल्यास एन्टेरोकोलायटिस समजून उपचार सुरू करावेत" ही ओळ असू द्या. तिला प्लास्टिकचं कव्हर घाला, आणि फोटो आई, बाबा, आजी, मामा, ज्याच्या ज्याच्या हातात मूल असतं त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. दारातच चिठ्ठी पुढे करा आणि तोंडानेही सांगा: "हर्षस्प्रुंगचं ऑपरेशन झालंय, पोट फुगलंय, हा एन्टेरोकोलायटिस आहे का ते आधी बघा. आमच्या सर्जनच्या टीमला कळवा."